कलर लागेल म्हणून किती ओतायचे?

प्रश्न : कोजागरीला आमची तीन पत्ती ठरलेली. यंदा पोरांनी पोकर काढलं आणि माझा सिक्वेन्स (ओळीने येणारी पानं) कलरपुढे (सगळी बदाम किंवा सगळी इस्पिक, अशी पानं) हरला. असं कसं? आणि कलरला एकच पान कमी असेल तर चाल देत (म्हणजे पैसे लावत) राहायचं की पॅक करायचं (पानं टाकून डाव सोडायचा)?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पोरांनी फसवलेलं नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०. पाच पानांत उलटं होतं : कलर ५,१०८, सिक्वेन्स १०,२००. जो हात कमी वेळा येतो तो वरचढ. (या न्यायाने तीन पत्तीत ४८ प्युअर सिक्वेन्स (सिक्वेन्स आणि कलर एकत्र) ५२ ट्रेलच्या (तीन एकसारखी पानं) वर हवेत. पण कट्ट्यावर हे पटवून दाखवा!)

आता चाल. होल्डम या पोकरच्या प्रकारात हातात दोन पानं. मध्ये आधी तीन उघडतात, मग एक, मग शेवटचं. सातांतली उत्तम पाच धरायची. समजा, मध्ये चार उघडली आणि तुमची धरून बदामाची चार झाली. बाकी बदाम नऊ, न दिसलेली पानं ४६. म्हणजे कलर लागायची शक्यता जेमतेम २० टक्के. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) ४० चिंचोके होते, समोरच्याने २० टाकले. तुम्ही २० घातलेत की पॉट ८०, त्यात तुमचे २५ टक्के. २० टक्के शक्यतेला हा सौदा महाग, पॅक करा. आधी १०० असते तर १४० मध्ये २०, म्हणजे १४ टक्के; खुशाल चाल द्या.

चूक होते ती तीनच पानं उघडी असताना. तेव्हा शक्यता ३५ टक्के निघते खरी, पण ती पुढची दोन्ही पानं पाहिलीत तर. चौथ्या पानानंतर समोरचा पुन्हा पैसे मागतो, हे हिशेबात धरलेलंच नसतं. शिवाय मध्ये जोडी पडली असेल तर बदाम येऊनही समोर कलरहून वरचढ फुल हाऊस (तीन एकसारखी आणि एक जोडी) असू शकतो.

प्रश्न : पोकरने निर्णय घ्यायची सवय लागते का?

उत्तर : नुसतं खेळून नाही. वरची महागडी चालसुद्धा पाचांत एकदा जिंकून देते आणि माणूस स्वतःला हुशार समजू लागतो. म्हणून शेवटचं पान उघडण्याआधी पॉट, चाल आणि अंदाज कागदावर लिहा. नंतर तेच तपासा, कोण जिंकलं ते नव्हे. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे; चिंचोके पुरतात. फक्त प्रत्येकाला मोजून दोनशे द्या, संपले की तो बाहेर. फुकट पुन्हा मिळणार असतील तर कुणी पॅकच करत नाही.