पैसे मिळतील, आधी कागद कुठे आहेत ते सांगा

उद्योगधंद्यांच्या इतिहासावर काम करायचं तर खर्च कोण देतं आणि पुरस्कार कुणाला मिळतात, असं विचारणाऱ्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत.

प्रश्न : मी सांगलीची, इतिहासात पीएच.डी.ला नोंदणी झाली आहे. विषय किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी इथल्या कारखान्यांच्या वसाहती. गाईड म्हणतात हा विषय कॉमर्सचा, कॉमर्सवाले म्हणतात इतिहासाचा. फेलोशिप मागायची कुणाकडे?

उत्तर : इतिहासाकडेच मागा. भारतीय इतिहास संशोधन परिषद, म्हणजे आयसीएचआर, १९७२ पासून आहे, पीएच.डी. करणाऱ्यांना ती फेलोशिप देते. कामगार, मजुरी, भांडवल यावर तुमचा भर असेल तर सामाजिक शास्त्रांची परिषद, आयसीएसएसआर, हेही दार आहे. यूजीसीची नेट परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत. शिवाय सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी ज्या संस्थेच्या निकषांत तुम्ही बसता तिच्या जाहिरातीवर नजर ठेवा. एका वेळी दोन फेलोशिपा घेता येत नाहीत, हे मात्र लक्षात असू द्या. नंतर वसुली निघते.

गाईडना सांगायला एक दाखला देते. अहमदाबादच्या आयआयएममध्ये द्विजेंद्र त्रिपाठी उद्योग-इतिहासाचे प्राध्यापक होते, आणि त्या अध्यासनाला गिरणीमालक कस्तुरभाई लालभाई यांचं नाव होतं. विषय पोरका नाही, आपल्या विद्यापीठांत त्याला खोली मिळालेली नाही एवढंच.

तुमच्या प्रस्तावात मला एक उणीव दिसते. ‘प्राथमिक साधने : कंपनीची कागदपत्रे, मुलाखती’ एवढ्यावर परीक्षक थांबत नाही. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली ती औंध संस्थानच्या हद्दीत. म्हणजे जमीन, सवलती, पाणी यांचा पत्रव्यवहार संस्थानच्या दप्तरात शोधावा लागेल. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली निघालं. त्याचे सुरुवातीचे अंक कारखान्याच्या घरातलेच आहेत. ही साधनं नावानिशी लिहा आणि कोणती कुठे पाहणार तेही लिहा. प्रस्तावाचा रंग बदलेल.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कॉलेजात कायम नोकरीत आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून मुंबईत येणाऱ्या बर्फाच्या व्यापारावर काम करतो. बोस्टनला जाऊन कागद पाहायचे आहेत. हार्वर्डची चँडलर फेलोशिप मला मिळेल का?

उत्तर : उद्योग-इतिहासकार आल्फ्रेड चँडलर यांच्या नावाने तिथे एकाहून जास्त योजना आहेत आणि अर्जदार नेमके तिथेच गोंधळतात. प्रवासासाठीची जी फेलोशिप आहे, १,००० ते ३,००० डॉलरची, ती मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आणि नोकरीत कायम न झालेल्या प्राध्यापकांसाठी. तुम्ही तीत बसत नाही. तुमच्यासाठी चँडलर यांच्याच नावाची दुसरी योजना पाहा : अमेरिकेबाहेरच्या अनुभवी अभ्यासकाला हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये काही काळ राहून काम करता येतं. टॉमस मॅक्रॉ यांच्या नावाची फेलोशिपही जगभरच्या अभ्यासकांना खुली आहे, पण तिचा भर अमेरिकेच्या उद्योग-इतिहासावर आहे. तिथे अर्ज करायचा तर गोष्ट बोस्टनच्या व्यापाऱ्याच्या बाजूने मांडावी लागेल. हार्वर्ड-न्यूकोमेन ही नव्याने पीएच.डी. झालेल्यांसाठी आहे, तुम्हाला उपयोगाची नाही.

आता खरा मुद्दा. बोस्टनचा बर्फाचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याचा बर्फ १८३३ साली कलकत्त्याला आला आणि पुढच्या वर्षी मुंबईला. त्याच्या कंपनीचे कागद हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या बेकर लायब्ररीत आहेत. तुमच्या मसुद्यात वाक्य आहे : ‘बेकर लायब्ररीतील समृद्ध संग्रह माझ्या संशोधनास अत्यंत उपयुक्त ठरेल.’ हे वाक्य कुणीही, कशावरही लिहू शकतो. त्याऐवजी असं काही लिहा : ‘वाटेत वितळलेल्या मालाचा तोटा बोस्टनने सोसला की मुंबईच्या अडत्याने, हे मला मुंबईशी झालेल्या पत्रांतून आणि हिशेबवह्यांतून ठरवायचं आहे. ते कळल्याशिवाय माझं तिसरं प्रकरण लिहिता येत नाही.’ संग्रहाची सूची ऑनलाइन असते. त्यातले पेटी-क्रमांक आणि खंड-क्रमांक अर्जात घाला, आणि अर्जाआधी तिथल्या पुराभिलेखपालांना ई-मेल करून एक नेमका प्रश्न विचारा. ही मंडळी उत्तर देतात, आपल्याकडच्या अनुभवाने बिचकू नका.

शिवाय बोस्टनच हवं असंही नाही. मुंबईच्या व्यापाऱ्यांची पत्रं केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या संग्रहात आहेत, आणि जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्रवह्या तर मुंबई विद्यापीठातच. आधी लोकल पकडा, विमान नंतर. ब्रिटनमधल्या थोड्या दिवसांच्या कामासाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतात राहणाऱ्या अभ्यासकांना मदत करतो. गंमत म्हणजे हा पैसाही कलकत्त्याच्या शॉ वॉलेस या व्यापारी पेढीतून आलेला. त्यावरही कुणीतरी लिहायला हरकत नाही.

प्रश्न : माझा प्रबंध मागच्या वर्षी मान्य झाला. त्याला परदेशातला एखादा पुरस्कार मिळू शकतो का? प्रबंध मराठीत आहे.

उत्तर : मराठी प्रबंधाला तिथे वाव नाही, हे स्पष्टच सांगते. अमेरिकेतल्या बिझनेस हिस्टरी कॉन्फरन्स या संघटनेचा क्रूस पुरस्कार उद्योग-इतिहासावरच्या इंग्रजी प्रबंधासाठी आहे; अंतिम फेरीतल्यांना वार्षिक अधिवेशनात आपलं काम मांडावं लागतं. ब्रिटनचा कोलमन पुरस्कार मिळायला प्रबंध ब्रिटिश उद्योगावर हवा किंवा ब्रिटनच्या विद्यापीठातला हवा.

पण प्रबंधातलं एक प्रकरण इंग्रजीत लेख म्हणून करता येईल. बिझनेस हिस्टरी कॉन्फरन्सच्या त्याच अधिवेशनात नवख्या अभ्यासकाच्या पहिल्या निबंधाला के. ऑस्टिन केर पुरस्कार दिला जातो, आणि तरुण अभ्यासकांना प्रवासखर्चाला हातभारही मिळतो. ‘एंटरप्राइज अँड सोसायटी’ या त्यांच्या नियतकालिकात लेख आला तर आंतरराष्ट्रीय उद्योग-इतिहासासाठीच्या मिरा विल्किन्स पुरस्काराचा विचार होतो. ग्रंथांचे हॅग्ली आणि गोमोरी हे पुरस्कार पुढची पायरी. तिथे पुस्तक बहुधा प्रकाशकच पाठवतो. म्हणून करार करतानाच प्रकाशकाला विचारून ठेवा, पाठवणार का म्हणून.

प्रश्न : मी प्राध्यापक नाही. बार्शीला आमची पणजोबांपासूनची अडत पेढी होती. कीर्द, खतावण्या, हुंड्या असा माळाभर कागद आहे, बराचसा मोडीत. यावर अनुदान मिळतं का?

उत्तर : मिळतं, पण सहसा व्यक्तीला नाही, संस्थेमार्फत. ब्रिटिश लायब्ररीचा एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम २००४ पासून धोक्यात असलेल्या जुन्या कागदांच्या स्कॅनिंगसाठी पैसे देतो. मूळ कागद देशातच राहतात, ही त्यांची अटच आहे. तुमच्या बाजूने एखादं महाविद्यालय, ग्रंथालय किंवा संशोधन मंडळ उभं राहायला हवं.

तोवर पैसे न लागणारी कामं करा. वह्या उन्हात घालू नका. लाल कापडाच्या बांधणीवरची वर्षं वाचून यादी करा : वर्ष, वहीचा प्रकार, पानं, वाळवी लागली आहे का. प्रत्येक प्रकारच्या वहीचं एक पान मोडी वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. अशी यादी हातात असेल तर संस्थाही ऐकते. गठ्ठे सोडून ‘चांगल्या’ हुंड्या वेगळ्या काढून फ्रेम करायचा मोह मात्र टाळा. कीर्दीशी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीशी, नातं तुटलं की हुंडीचा पुरावा निम्मा गेला.

मजकूर स्वातंत्र्यानंतरच्या काळाचा असेल आणि पुस्तकच लिहायचं असेल, तर न्यू इंडिया फाउंडेशनची फेलोशिप बघा.

प्रश्न : एका कंपनीने शताब्दीनिमित्त इतिहास लिहायला मानधन देऊ केलं आहे. घ्यावं का? पुढे फेलोशिप मागताना अडचण येईल?

उत्तर : घ्या. कंपनीचे कागद उघडण्याची ही एरवी न मिळणारी संधी असते. पुण्यात टाटांचं मध्यवर्ती अभिलेखागार आणि विक्रोळीत गोदरेजचं अभिलेखागार आहे. बहुतेक कंपन्यांचे कागद मात्र गोदामात किंवा भंगारात. करारात तीन गोष्टी लेखी घ्या : कोणते कागद पाहायला मिळतील, मजकुरात फेरफार कुणी करायचा, आणि तेच साधन वापरून तुम्हाला स्वतंत्र लेख लिहिता येईल का. तिसऱ्यावर कंपनीचा वकील अडेल. संप, टाळेबंदी, भावाभावांतले खटले यांच्या फायली नेमक्या त्याच कपाटात असतात, हे त्याला ठाऊक असतं. तिथे तुम्हीही अडा. पुढच्या अर्जात ‘इतर आर्थिक साहाय्य’ असा रकाना आला तर मानधनाचा आकडा आणि कंपनीचं नाव सरळ भरा, आणि कंपनीने कोणते कागद दाखवले नाहीत तेही प्रस्तावात लिहा.