वाचकांचे प्रश्न : आरव्हीतला फ्रिज भर उन्हाळ्यात थंड का होत नाही?

प्रश्न : नमस्कार, आम्ही ॲरिझोनातल्या फिनिक्सला असतो, मागच्या वर्षी एक सेकंडहॅन्ड आरव्ही (आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेतली. जुलैत लेक हवासूला गेलो होतो, बाहेर ४५-४६ डिग्री, आणि फ्रिज दुपारी बारा-तेरा डिग्रीच्या खाली यायला तयारच नाही. दही आंबटढाण झालं, कोथिंबीर काळी पडली, दूध ओतून द्यावं लागलं. रात्री मात्र आपोआप चार-पाचवर येतो. मेकॅनिक म्हणतो फॉल्ट काही नाही, उन्हाळ्यात असंच होतं. आता ऑगस्टच्या शेवटी युटातल्या झायन नॅशनल पार्कला जायचंय, भारतातून सासू-सासरे येतायत, सासऱ्यांचं इन्सुलिनही ठेवायचंय. काही करता येईल की फ्रिजच बदलू?

उत्तर : रात्री आपोआप चार-पाचवर येतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं, निम्मं उत्तर त्यातच आहे. कूलिंग युनिट गेलं असतं तर तो रात्रीही थंड झाला नसता. फ्रिज चांगला आहे हो, फक्त त्याच्या पाठीमागची गरम हवा बाहेर पडत नाहीये. आणि "असंच होतं" हे मला अजिबात मान्य नाही, बरंच काही करता येतं.

आधी हा फ्रिज चालतो कसा ते बघू म्हणजे पुढचं सगळं पटेल. घरच्या फ्रिजमधला कॉम्प्रेसर याच्यात नाहीच. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन भरून कायमचं सील केलेलं पाइपांचं जाळं आणि खाली प्रोपेनची ज्योत किंवा विजेचा हीटर, बस. १९२२ साली स्टॉकहोमच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकणाऱ्या बाल्ट्झार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी हे शोधून काढलं आणि पुढे इलेक्ट्रोलक्सने ते बाजारात आणलं. हॉटेलच्या खोलीतला अजिबात आवाज न करणारा मिनीबार बघितला असेल ना, तो बऱ्याच ठिकाणी याच जातीचा असतो.

तर खाली बॉयलरमध्ये पाण्यातून अमोनिया उकळून वर जातो, अगदी वर पातळ पत्र्यांचा कंडेन्सर असतो तिथे आपली उष्णता सोडून तो द्रव होतो, तो द्रव मग फ्रिजच्या आतल्या नळ्यांत येतो, तिथे हायड्रोजन असतो म्हणून त्याची लगेच वाफ होते आणि वाफ होता होता तो आतल्या दूध-भाजीची उष्णता ओढून घेतो, मग खाली उतरून परत पाण्यात विरघळतो आणि पुन्हा तेच चक्र. यातली मेख अशी की वरचा कंडेन्सर आणि खालची पाण्यात विरघळायची जागा, दोन्ही ठिकाणी उष्णता पाठीमागच्या हवेत जायला हवी. ती हवाच कोंडून तापलेली असेल तर अमोनियाचा नीट द्रव होणारच कसा? थर्मोस्टॅट कितीही फिरवा, आत थंडावा पोचणार नाही. म्हणून म्हणतो, लक्ष पाठीवर द्या.

संध्याकाळी ऊन उतरलं की बाहेरच्या बाजूचं खालचं जाळीचं झाकण काढा. टिश्यू पेपरची एक लांब पट्टी फाडून त्या भोकापाशी धरा. फ्रिज तासभर तरी चालू असला पाहिजे. पट्टी आत ओढली गेली तर धुराडं चालतंय, खालून हवा आत येतेय आणि छपरावरच्या जाळीतून बाहेर जातेय. नुसतीच लोंबत राहिली तर हवा अडकलीये. (उदबत्तीच्या धुराने बघायचा मोह होईल पण गॅसच्या जोडणीपाशी पेटतं काही नेऊ नका.) मग टॉर्च घेऊन वर बघा. छपरावरच्या झाकणाखाली पक्ष्याचं घरटं किंवा पानं सापडतात, पण त्याहून जास्त वेळा दिसतं ते हे की कंडेन्सर आणि मागची भिंत यांच्यात हातभर मोकळी जागा सोडलीये. मोकळी जागा चांगलीच की, असं वाटतं ना? नेमकं उलटं आहे. हवा सोप्या वाटेने जाते, ती पत्र्यांना शिवतच नाही, त्यांच्या मागून सरळ वर निघून जाते. ही फट साधारण इंचभराचीच हवी. तिथे पातळ पत्र्याचा आडोसा असा वाकवून बसवायचा की येणारी सगळी हवा कंडेन्सरच्या पत्र्यांमधूनच जाईल. फ्रिजच्या डाव्या-उजव्या बाजूला आणि डोक्यावर पोकळी असेल तर तीही बंद करा, कारण गरम हवा तिथे जाऊन साचते. फ्रिज बसवतानाच ही कामं नीट केलेली नसतात आणि नंतर कोणी बघतही नाही, याचा मला खरंच राग येतो.

तुमचा फ्रिज स्लाइडआउटमध्ये (गाडी उभी केल्यावर बाहेर सरकवायच्या भागात) असेल तर छपरात जाळी नसते, दोन्ही जाळ्या बाजूच्या भिंतीतच असतात, वर आलेल्या हवेला वळून बाहेर पडावं लागतं. तिथे पंख्याशिवाय भागत नाही. खरं तर ४० डिग्रीच्या वर कुठल्याही आरव्हीत पंखे लावावेतच. कॉम्प्युटरमध्ये असतात तसले १२ व्होल्टचे दोन पंखे, कंडेन्सरच्या जरा खाली, हवा वरच्या दिशेला ढकलतील असे. सोबत एक थर्मोस्टॅटचा स्विच लावा म्हणजे मागची हवा तापली की आपोआप सुरू होतील, आणि वायरीत फ्यूज नक्की टाका. फक्त खालच्या जाळीतून थेट बर्नरवर झोत जाईल असा पंखा लावू नका, ज्योत विझते.

आता बाकीचं भराभर सांगतो. गाडी उभी करताना फ्रिजची बाजू उत्तरेला किंवा पूर्वेला येईल असं बघा, दुपारनंतरचं ऊन त्या भिंतीवर नको, हे फुकटात होतं आणि फरक कळण्याइतका पडतो. गाडी लेव्हलमध्ये असू द्या, कारण आत पंप नाही, सगळं उतारावर चालतं, तिरकी उभी करून तासन्‌तास फ्रिज चालवला तर बॉयलर तापून युनिट कायमचं जाऊ शकतं. विजेवर कमी पडत असेल तर प्रोपेनवर टाकून बघा, बऱ्याच मॉडेलमध्ये ज्योतीची उष्णता हीटरपेक्षा जास्त असते. ज्योत निळी हवी, पिवळी असेल तर धुराड्यातला गंज बर्नरवर पडलाय, तो साफ करून घ्या. आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर एक छोटा सेन्सर क्लिपने लावलेला असतो, अनेक मॉडेलमध्ये तो वर सरकवला की फ्रिज जास्त थंड होतो. सहलीच्या आदल्या दिवशीच फ्रिज सुरू करा आणि घरच्या फ्रिजमध्ये गार झालेल्याच वस्तू त्यात भरा, कारण हा फ्रिज थंड टिकवू शकतो पण गरम वस्तू थंड करायला त्याला अख्खा दिवस लागतो. कोमट आमटीचं पातेलं आत ठेवणं बंद. ठासून भरू नका, मध्ये हवा फिरली पाहिजे, बॅटरीवरचा छोटा पंखा आत ठेवलात तर उत्तमच.

वाटेत फ्लॅगस्टाफ लागलं तर तिथली उंची साधारण सात हजार फूट आहे. विरळ हवेत प्रोपेनची ज्योत विझू शकते आणि पॅनलवर चेकचा दिवा लागतो. घाबरू नका. साडेपाच हजार फुटांच्या वर विजेवर चालवा असं काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं, तेव्हा रात्रीचा मुक्काम तिथे असेल तर वीज असलेली कॅम्पसाइट घ्या.

आणि इन्सुलिन. इथे मात्र मी हट्टाने सांगणार. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत राहावं लागतं आणि ते गोठलं तर वापरता येत नाही. तुमचा फ्रिज दुपारी बारा डिग्री आणि पहाटे त्या पट्ट्यांना चिकटून शून्याच्या आसपास, म्हणजे दोन्हीकडून धोका. त्याच्यासाठी १२ व्होल्टवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर कूलर वेगळा घ्या, त्यात थर्मामीटर ठेवा, आणि वापरात असलेलं पेन किती दिवस बाहेर चालतं ते खोक्यावर बघून किंवा फार्मासिस्टला विचारून घ्या. सासरे परक्या देशात, गाडी वाळवंटात, अशा वेळी औषधाच्या बाबतीत अंदाज नको.

प्रश्न : ॲरिझोनाची हवा कोरडी, मग फ्रिजच्या बाहेरच्या जाळीवर पाण्याचा फवारा मारला किंवा ओला टॉवेल बांधला तर कूलरसारखा परिणाम होईल ना?

उत्तर : नको, खरंच नको. त्या खालच्या जाळीच्या आतच कंट्रोल बोर्ड, हीटरच्या वायरी आणि बर्नर असतो, तिथे पाणी गेलं तर बोर्डच बदलावा लागेल. ओल्या टॉवेलने तर हवाच अडते, म्हणजे जे टाळायचं तेच आपण करतोय. सावली करायची असेल तर पांढरं कापड जाळीपासून चांगलं हात-दीड हात लांब, तिरपं ताणून बांधा.

प्रश्न : फ्रिज उघडला की नाकात झोंबणारा वास येतो आणि मागच्या पाइपावर पिवळी पावडर दिसते. गॅस भरून मिळेल का?

उत्तर : आजपासून तो फ्रिज बंद. आधी प्रोपेन आणि वीज दोन्ही बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. झोंबणारा वास अमोनियाचा, आणि पिवळी पावडर म्हणजे पाइप आतून गंजू नयेत म्हणून मिसळलेलं सोडियम क्रोमेट, तेही विषारी, हात लावू नका. गळती आहे म्हणजे हायड्रोजनही बाहेर येतो आणि तो पेट घेतो. घरच्या फ्रिजसारखा यात गॅस भरत नाहीत, अख्खं कूलिंग युनिट बदलतात. या जातीच्या काही फ्रिजना आग लागण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेत पूर्वी रिकॉल निघालेत, तेव्हा एनएचटीएसए या तिथल्या सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या साइटवर तुमच्या गाडीचा व्हीआयएन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून बघाच, दुरुस्ती फुकट होऊ शकते.

प्रश्न : मग सरळ १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिजच का घेऊ नये?

उत्तर : तुम्ही कुठे मुक्काम करता त्यावर आहे. कॉम्प्रेसरवाला ४५ डिग्रीतही व्यवस्थित थंड करतो, त्याला लेव्हलचं फारसं कौतुक नसतं. पण त्याला वीज लागते, सतत लागते, आणि गरम हवेत जास्तच लागते, म्हणजे चांगली लिथियम बॅटरी आणि छपरावर सोलर हवं. विजेच्या कॅम्पसाइटवरच राहात असाल तर बिनधास्त बदला. वाळवंटात चार-चार दिवस विजेशिवाय राहायची आवड असेल तर अमोनियावाला प्रोपेनवर जवळजवळ फुकटात चालतो, नुसत्या कंट्रोल बोर्डपुरती बॅटरी लागते, त्याच्या पाठीमागचा आडोसा आणि पंखे आधी नीट करून एक उन्हाळा बघा, मग ठरवा.