डिकीत सिलिंडर, मग स्टेपनी कुठं?

प्रश्न : माझ्याकडे 2019 च्या मॉडेलची वॅगनआर आहे, टायर 165/70 आर 14. मागच्या वर्षी बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. तेव्हापासून स्टेपनी सिलिंडर आणि मागच्या दाराच्या मधे उभी ठेवावी लागते. दार नेट लावून बंद करतो, तरी खड्ड्यात आपटलं की आतून धडधड ऐकू येते. भाचा न्यू जर्सीला असतो, त्याच्या गाडीत स्कूटरच्या चाकासारखी पातळ स्टेपनी पाहिली. तशी आपल्याकडे मिळेल का? लेक चिपळूणला दिलीय, त्यामुळे कुंभार्ली घाट आमच्या पाचवीला पुजलेला.
— एक निवृत्त शिक्षक, कऱ्हाड

उत्तर : गुरुजी, आधी त्या धडधडीचं बघा, स्टेपनीचं नंतर. सिलिंडरच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असतो आणि तिथूनच जास्त दाबाची नळी निघते. सुटी स्टेपनी तिथं आपटत असेल तर चिपळूण लांब राहिलं, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंतसुद्धा तशी गाडी नेऊ नका. आजच्या आज ती पट्ट्यानं आवळून बांधा. दोरीनं नको, दोरी सैल पडते. ट्रकवाले वापरतात तो रॅचेटचा पट्टा घ्या. आणि कुणी सिलिंडरच्या फ्रेमला हूक वेल्ड करून देतो म्हणाला तर त्याला हात जोडून घरी पाठवा.

आता मुद्द्याचं. भाच्याच्या गाडीतली ती पातळ स्टेपनी, तिला डोनट म्हणतात. तिच्यावर टायरच्या मापाआधी ‘टी’ अक्षर असतं, म्हणजे तात्पुरती. हवा 60 पाउंड भरावी लागते आणि वेग ताशी 80 च्या वर न्यायचा नाही. आपल्याकडे टायरच्या दुकानात जाऊन ‘डोनट द्या’ म्हणालात तर चहा मिळेल, डोनट मिळणार नाही. मिळाला तर भंगारात मिळतो, अपघातात गेलेल्या किंवा बाहेरून आलेल्या गाडीतून काढलेला. कोल्हापूरला उद्यमनगरात विचारा, पुण्याला नाना पेठेत, नाहीतर बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात. मुंबईला कुणी असेल तर कुर्ला.

पण घरातून निघण्याआधी मापं लिहून घ्या, कारण तिथले लोक ‘छोट्या गाडीची आहे, बसती की’ एवढ्या एका वाक्यावर माल विकतात.

पहिलं माप व्यासाचं. हे तुम्ही शाळेत शिकवलेलंच गणित आहे. तुमचं टायर 165 मिलिमीटर रुंद, उंची त्याच्या 70 टक्के, म्हणजे साडेएकशेपंधरा. ती वर एकदा, खाली एकदा, आणि मधे 14 इंचाची डिस्क, म्हणजे टायर जिच्यावर चढतं ती चकती. बेरीज 587 मिलिमीटरच्या आसपास. भंगारात ‘टी 115/70 आर 14’ सापडली तर डिस्क 14 चीच म्हणून हरखून जाल, पण तिचा व्यास 517 भरतो. सात सेंटिमीटर कमी. ती पुढच्या चाकाला लावली की दोन्हीकडचे फेरे जुळत नाहीत, डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी पेटी) सरळ रस्त्यावरसुद्धा वळणावर असल्यासारखं घासत राहतं आणि एबीएसला, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेला, वाटतं एक चाक वेड्यासारखं फिरतंय. उलट ‘टी 125/80 डी 15’ मिळाली, तर डिस्क 15 ची असूनही व्यास 581 येतो. तुमच्या चाकाला अगदी जवळचा. डिस्कच्या आकड्यावर जाऊ नका म्हणतो ते यासाठी.

दुसरं माप नटांचं. चार नट आहेत एवढं पुरत नाही. समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत पट्टी धरा, तुमच्याकडे 100 मिलिमीटर येईल. जुन्या मारुती 800 लाही चारच नट, पण तिथं 114.3. मधल्या मोठ्या भोकाचा व्यास सुझुकीला 54.1, ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांनाही तोच, म्हणून ह्युंदाईची डिस्क तुमच्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या मधल्या उंचवट्यावर, बसू शकते. नट मात्र तुमच्याच गाडीचे वापरायचे. आटे वेगळे असतात, सुझुकीचा 1.25 मिलिमीटरचा आणि ह्युंदाईचा दीडचा. दोन फेरे फिरतो आणि अडकतो. मग कुणीतरी पान्यावर उभा राहतो आणि नट ज्यावर बसतो तो स्टडच नासवतो.

सगळ्यात फसवी होंडाची डिस्क. चार भोकं, माप 100, मधलं भोक 56.1 म्हणजे हबवरून आरामात सरकते. बघणारा खूश. पण होंडाच्या नटाची बैठक गोल, वाटीसारखी, आणि तुमच्या नटाचं तोंड निमुळतं. भाच्याच्या कासारवाडीच्या दुकानात (माझा भाचा हो, न्यू जर्सीचा नव्हे) अशी एक डिस्क घेऊन एक गिऱ्हाईक आलं होतं. गेले तीन महिने वापरतोय, काही होत नाही म्हणाला. मी भोकाच्या कडेला खडू फासला, नट आवळला, परत सोडला. चांगल्या बैठकीत खडू सगळीकडून पुसला जातो. इथं केसाएवढी एकच गोल रेघ उमटली होती, बाकी खडू जसाच्या तसा. म्हणजे गाडीचा सगळा भार त्या चार रेघांवर. ही परीक्षा तुम्हीही करा, खडू तर तुमच्या घरात असेलच. दापोडीच्या एसटी वर्कशॉपात नव्या पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात हेच दाखवायचो, तिथं बसच्या चाकावर.

एवढं सगळं जुळलं तरी मी तुम्हाला डोनट घ्या म्हणणार नाही. भंगारातल्या डोनटचं रबर किती वर्षं कुठल्या उन्हात पडलं होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ते फुटलं तर त्या मापाचं नवं टायर कऱ्हाडात मिळायचं नाही. शिवाय 60 पाउंड हवा. पंपावरचा पोरगा सवयीनं 35 ला थांबतो, आणि 35 पाउंडावरचा डोनट भरल्या गाडीखाली बसतोच.

मग काय करायचं? मारुतीची एस-प्रेसो बघा. तिच्या वरच्या मॉडेलला तुमचंच 165/70 आर 14 येतं, आणि खालच्या मॉडेलला 145/80 आर 13. एकाच गाडीला कंपनीनं ही दोन मापं दिली आहेत. हे 145 चं टायर आणि 13 ची पोलादी डिस्क, हीच तुमची बारीक स्टेपनी. रुंदीत दोन सेंटिमीटर वाचतात, उंचीत अडीच. डोनटनं रुंदीत चार वाचले असते हे खरं. पण हे टायर कुठल्याही दुकानात नवं कोरं मिळतं, आयएसआयचा शिक्का असतो, हवा नेहमीसारखीच, आणि उद्या फाटलं तर पाटणमध्येही दुसरं मिळेल. वजनाची काळजी नको. टायरवरचा 75 हा भारांक, म्हणजे एका टायरला 387 किलो पेलतात, आणि तुमची गाडी माणसं-सामानासकट तेराशे-साडेतेराशे किलोच्या घरात. सिलिंडरमुळे मागं थोडा जास्त भार येतो, तो धरूनही भागतं.

पैसे देण्याआधी एक करा. ती डिस्क तुमच्या पुढच्या चाकावर चढवून बघा. वॅगनआरमध्ये एक लिटरचं इंजिन आहे आणि 1.2 चंही, ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक दाबणारा चिमटा) आतून 13 च्या डिस्कला लागतो का ते हातानं फिरवूनच कळतं. चारी नट आवळा, गाडी जॅकवरच ठेवा, चाक हळू फिरवा आणि कान द्या. कुठंही खरखर आली तर डिस्क परत. फिरली की मग स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून परत फिरवा.

घाटातलं सांगतो. व्यास चार टक्के कमी आहे, त्यामुळे ही स्टेपनी मागच्या चाकाला लावलेली बरी. पुढचं चाक पंक्चर झालं तर मागचं चांगलं चाक पुढं आणायचं आणि स्टेपनी मागं. पुस्तकात असंच लिहितात आणि ते बरोबर आहे. पण जुलैच्या पावसात, कुंभार्लीच्या वळणावर, मागून ट्रक उतरतोय अशा जागी दोनदा जॅक लावत बसू नका. पुढंच लावा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात हळू उतरा, पोफळीत सपाटीला आलात की अदलाबदल करा. वर जाताना झालं तर कोयनानगरला. आणि पंक्चर त्याच दिवशी काढून घ्या. बारीक स्टेपनीवर आठवडाभर फिरणारे बहाद्दर मी पाहिलेत.

तुम्ही विचारलं नाही, पण बरेच जण विचारतात : स्टेपनी काढूनच टाकली आणि नुसतं पंक्चरचं किट ठेवलं तर? पुण्यात फिरणाऱ्याला मी हो म्हणेन. तुम्हाला नाही. घाटात खिळा लागत नाही, खड्ड्याची धार टायरच्या बगलेला चिरते, आणि बगलेच्या चिरेपुढं किट काही कामाचं नाही.

छोट्या गाडीला छोटी स्टेपनी हा प्रकार आपल्याकडे नॅनोत होता, तोही गमतीशीर. पुढची टायरं 135/70 आर 12, मागची 155/65 आर 12, स्टेपनी बॉनेटखाली आणि चाकाला नट तीनच. ती भंगारात भरपूर दिसते आणि स्वस्त असते. तीन नटांची आहे म्हणून बरं, नाहीतर कुणीतरी तुम्हाला तीही बसवून दिली असती.

प्रश्न : नवी सीएनजी गाडी घेतली. ताब्यात मिळाल्यावर कळलं की स्टेपनीच नाही, एक बाटली आणि छोटा पंप दिलाय. शोरूमवाले म्हणतात आता नियमच तसा आहे. हे खरं का? पोलिसांनी अडवलं तर? आम्ही गणपतीला मुंबई-गोवा रस्त्यानं गावी जातो.
— एक वाचक भगिनी, वाशी

उत्तर : ताई, अर्धं खरं. 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ड्रायव्हर धरून नऊ माणसांपर्यंतच्या आणि साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल, तर स्टेपनी नसली तरी चालते. ‘चालते’ म्हणजे मुभा. देऊ नका असं नियम कुठंच म्हणत नाही. डिकीच्या तळात दोन सिलिंडर बसवले की जागा उरत नाही, खरं कारण ते आहे. पोलिसांची काळजी करू नका.

बाटलीवरची तारीख मात्र आजच बघून ठेवा, आतलं औषध मुदतीनंतर घट्ट होतं. ते फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातलं खिळ्याएवढं भोक बुजवतं. वापरलंत तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, आत चिकट औषध आहे म्हणून. नाहीतर तो टायर उघडल्यावर तुमच्या नावानं बोटं मोडेल, आणि व्हॉल्व्हजवळचा दाबाचा सेन्सरही पुसायचा राहून जाईल.

तुमच्या रस्त्यासाठी मी स्टेपनी घेईन. याच गाडीच्या पेट्रोल मॉडेलला बहुधा पोलादी डिस्कची स्टेपनी येते. डीलरकडे तीच मागा, सुट्या भागांच्या खिडकीवर, विक्रीच्या टेबलावर नव्हे. टायर वेगळं घेतलं तर स्वस्त पडतं. रोज मुंबईत बाळगू नका, घरी ठेवा. गावी जाताना मात्र डिकीत आडवी टाकून पट्ट्यानं बांधा, सामान तिच्यावर. मागच्या सीटवर पोरांच्या शेजारी उभी करून ठेवलेली स्टेपनी मी पाहिलीय. जोरात ब्रेक लागला तर ती कुठं जाईल याचा विचार करा.

प्रश्न : गाडी जुनी झाली, चारही टायर बदलायला आलेत. स्टेपनी आजवर एकदाही वापरलेली नाही, नक्षी नव्यासारखी आहे. ती पुढं लावून तीनच टायर घेतले तर?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नक्षी बघू नका, तारीख बघा. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, 1216 म्हणजे 2016 चा बारावा आठवडा. ते एकाच बाजूला छापलेले असतात, बाहेरून दिसले नाहीत तर आत वाका. सोलापूरच्या उन्हात डिकीत शिजलेलं रबर न फिरताही म्हातारं होतं. अंगठ्यानं बगल दाबा, बारीक भेगा उघडल्या तर पुढं काय, मागंही लावू नका. तारीख जुनी असेल तर चार नवी घ्या, जुन्या चारांतलं त्यातल्या त्यात बरं असेल ते स्टेपनीला ठेवा, आणि नव्यांबरोबर व्हॉल्व्हही नवे टाकायला सांगा.