एस्टोनियाला मुलगा जाणार आहे की तुम्ही?

प्रश्न: मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मुलगा इंजिनीअरिंगला ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) तिसऱ्या वर्षाला आहे, सीजीपीए ७.१, एक बॅकलॉग होता तो निघाला. प्रवेशाच्या कॅप राउंडला आयटी थोडक्यात हुकलं. एस्टोनिया हा छोटा देश आयटीत जगाच्या पुढे आहे असं कळल्यावर आम्ही त्याला तिथे मास्टर्सला पाठवायचं ठरवलं. एजंटला पहिला हप्ता दिला आहे. व्हिसा सोपा जावा म्हणून मुलाच्या नावाने ई-रेसिडेन्सीचा अर्जही केला. पाथर्डी फाट्याचा प्लॉट विकायची तयारी आहे. मुलगा मात्र कॉलेज सुटलं की मित्राच्या वडिलांच्या पॅनेल दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसतो, आणि हा विषय काढला की गप्प होतो. त्याचा एसओपी (प्रवेश अर्जासोबत द्यायचं स्वतःबद्दलचं निवेदन) सोबत जोडला आहे. एस्टोनियाच्या आयटीला पुढे भविष्य आहे ना? – एक पालक, नाशिक

उत्तर: नमस्कार साहेब. तुमचं पत्र वाचलं, एसओपीही वाचला. एस्टोनियाकडे येतोच, पण आधी त्या एसओपीबद्दल बोलू.

एकवीस वर्षांचा मुलगा त्यात लिहितो की त्याला लहानपणापासून डिजिटल गव्हर्नन्सची, म्हणजे संगणकावरून चालणाऱ्या सरकारी कारभाराची, ओढ आहे. ठीक, एजंट असली वाक्यं सगळ्यांनाच देतात. पण खालच्या परिच्छेदात शिफ्टचं नियोजन, कामगारांकडून वेळेत काम काढून घेणं आणि वरिष्ठांचा विश्वास संपादन करणं आलं आहे. हे कोणी लिहिलं ते सांगायची गरज नाही. साहेब, तुम्ही मुलाच्या नावाने स्वतःचा बायोडेटा लिहिला आहे. अर्ज तुम्ही भरला, देश तुम्ही निवडला, हप्ता तुम्ही दिला. मुलगा काय म्हणतो याबद्दल पत्रात एकच गोष्ट आहे, तो गप्प होतो. ज्याच्यासाठी बाप प्लॉट विकायला निघालाय त्याने तोंड उघडून ‘नको’ म्हणायचं तरी कसं? तुमच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. पण या प्रेमाच्या ओझ्याखाली पोरगा दबला आहे, आणि त्याच्या सीजीपीएपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. शिवाय तिथल्या काही अभ्यासक्रमांना ऑनलाइन मुलाखत असते. तिथे डिजिटल गव्हर्नन्सवर पहिला प्रश्न आला की तुम्ही बाजूला बसून उत्तर देणार आहात का?

आता ई-रेसिडेन्सी. हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर सांगतो. एस्टोनियाने ही योजना डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केली. परदेशात बसलेल्या माणसाला एस्टोनियात कंपनी काढता यावी, कागदपत्रांवर डिजिटल सही करता यावी, एवढ्यासाठी ती आहे. बोटांचे ठसे देऊन मिळणाऱ्या त्या चिपच्या कार्डावर धारकाचा फोटोसुद्धा नसतो, कारण ते ओळखपत्र म्हणून दाखवायचं नसतंच. त्यावर तुम्ही एस्टोनियात राहू शकत नाही, विमानतळाबाहेर पडू शकत नाही, नोकरी करू शकत नाही. विद्यार्थी व्हिसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. योजनेच्या माहितीत हे स्पष्ट सांगितलेलं असतं. तुमच्या एजंटने ते वाचलं नाही की वाचून सांगितलं नाही, हे त्यालाच विचारा. आणि ‘तिथे शिक्षण फुकट’ असंही त्याने सांगितलं असेल, तर फुकट आहे ते एस्टोनियन भाषेतलं. इंग्रजीतल्या मास्टर्सला आपल्या मुलांना बहुतेक ठिकाणी फी भरावी लागते.

देशाबद्दल तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही, पण अर्धं आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत जोखडातून सुटलेल्या या गरीब देशाने १९९६ मध्ये ‘टायगर लीप’ जाहीर केली आणि शाळाशाळांत संगणक व इंटरनेट नेलं. २००१ पासून सरकारी खाती एक्स-रोड नावाच्या व्यवस्थेतून एकमेकांशी माहितीची देवाणघेवाण करतात. २००५ पासून लोक घरबसल्या मतदान करतात, आणि २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतं ऑनलाइन पडली. इंटरनेटवरून कॉल करायच्या स्काइपचे संस्थापक स्वीडन आणि डेन्मार्कचे, पण सॉफ्टवेअर लिहिलं ते टॅलिनमध्ये एस्टोनियन पोरांनी. २००५ मध्ये ईबेने स्काइप विकत घेतली, आणि तिथला पैसा नि अनुभव पुढच्या कंपन्यांत झिरपला. परदेशी पैसे पाठवणारी वाइज ही कंपनी काढणाऱ्या दोघांपैकी एक जण स्काइपचा सुरुवातीचा कर्मचारी होता. ॲपवरून टॅक्सी देणारी बोल्ट काढली तेव्हा तिचा संस्थापक १९ वर्षांचा होता.

आता उरलेलं अर्धं. या अख्ख्या देशाची लोकसंख्या १४ लाखांच्या आत आहे. आपल्या नाशिक शहराची २०११ च्या जनगणनेतच त्याहून जास्त होती. एवढ्याशा घरच्या बाजारात कंपनी मोठी होऊच शकत नाही, म्हणून ती पहिल्या दिवसापासून बाहेर बघते आणि बऱ्याचदा बाहेरच जाते. वाइजचं मुख्यालय लंडनला, विक्रीचं सॉफ्टवेअर करणाऱ्या पाइपड्राइव्हचं न्यूयॉर्कला. स्काइप तर मे २०२५ मध्ये बंदच झाली. २०२३ मध्ये तिथली अर्थव्यवस्था जवळपास तीन टक्क्यांनी आक्रसली. शेजारी रशिया, त्यामुळे संरक्षणाचा खर्च वाढला आणि करही वाढले. आयटी क्षेत्र बुडालेलं नाही, बुडेल असंही मला वाटत नाही. सप्टेंबर २०२५ पासून त्यांनी दहावी-अकरावीच्या सुमारे २०,००० मुलांच्या हाती एआयची साधनं द्यायला सुरुवात केली आहे. हा देश झोपलेला नाही.

पण त्या क्षेत्राला भविष्य आहे म्हणजे त्यात तुमच्या मुलाला जागा आहे असं होत नाही. पुण्याच्या हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्या शेकड्याने फ्रेशर घेतात, काम मिळेपर्यंत बेंचवर बसवतात, शिकवतात. टॅलिनच्या पन्नास माणसांच्या कंपनीला हे परवडत नाही. बाहेरून माणूस आणायचा तर तो तयार हवा. परदेशी कामगारांसाठी वर्षाचा कोटा लोकसंख्येच्या ०.१ टक्के आहे. आयटीवाल्यांना त्यातून सूट आहे, पण बाहेरून थेट नेमलेल्या माणसासाठी सहसा किमान पगाराची अट असते, आणि तेवढा पगार नवख्याला कोण देतो? सरकारी प्रकल्पांत एस्टोनियन भाषा लागते, संरक्षणातल्या कामात परक्या देशाच्या नागरिकाला सहसा घेत नाहीत. प्लॉट विकून, फी भरून, डिसेंबरात सहा तासांच्या उजेडात दोन वर्षं काढून पोरगा पुन्हा नोकरीसाठी पुण्यालाच अर्ज करताना मला दिसतो.

मला त्या वर्कशॉपबद्दल जास्त ऐकायचंय. तुम्ही ते तक्रारीच्या सुरात लिहिलंय. कॉलेज सुटल्यावर कोणी न सांगता जो मुलगा पीएलसीच्या (कारखान्यातली यंत्रं चालवणारा छोटा संगणक) पॅनेलपुढे बसतो, त्याला नेमकं काय येतं हे तुम्ही कधी जाऊन पाहिलंय का? तुम्ही स्वतः अंबडला आहात. ऑटोमेशनची लाइन बंद पडली की प्रॉडक्शन मॅनेजरचा चेहरा कसा होतो आणि ती चालू करणाऱ्या पोराला किती भाव असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. ई अँड टीसी ही तुमच्या लेखी हुकलेली आयटी आहे, त्याच्या लेखी कदाचित तीच आवडीची शाखा असेल. गंमत म्हणजे तुमच्या एस्टोनियातही सगळं ॲपवर चालत नाही. एरिक्सनचा टॅलिनचा कारखाना मोबाइल नेटवर्कची उपकरणं बनवतो, स्टारशिपचे सामान पोचवणारे छोटे रोबो फुटपाथवर फिरतात, आणि स्केलेटन ही मूळची तिथलीच कंपनी अल्ट्राकपॅसिटर, म्हणजे झटक्यात वीज साठवून देणारे भाग, करते. त्याला कधी जायचंच असेल, तर हातात दोन-तीन वर्षांचं एम्बेडेड (यंत्राच्या आतल्या चिपचं प्रोग्रामिंग) किंवा ऑटोमेशनचं काम घेऊन, स्वतःच्या नावाने आणि स्वतः लिहिलेल्या अर्जाने जाऊ दे. तोवर गेट किंवा सीडॅकचा एम्बेडेड सिस्टिम्सचा डिप्लोमा हे मार्ग आहेत, त्यांची माहिती सगळीकडे मिळते.

सध्या एवढंच करा. एजंटचा दुसरा हप्ता थांबवा आणि पहिल्याची पावती मागा, नुसता फोनवरचा शब्द नको. प्लॉटचा विषय घरात काढू नका, आणि कोणी काढला तर मुलासमोर तरी नको. एका संध्याकाळी त्या वर्कशॉपमध्ये जा, तासभर बसा, सल्ला न देता. आणि मुलाला सांगा, मला पत्र लिही. दोन ओळी चालतील, पण त्याच्याच हाताने लिहिलेल्या, तुम्ही न वाचलेल्या. त्याला एस्टोनियालाच जायचंय असं निघालं, तर अभ्यासक्रम निवडायला मी स्वतः त्याच्याबरोबर बसेन.