डॅक नवीन घेतलास? आधी गेन बघ

अभिनंदन भाऊ! डॅक म्हणजे डिजिटल गाण्याचं हेडफोनला चालेल अशा सिग्नलमध्ये रूपांतर करणारी डबी. तिच्या मेनूतले फिल्टर, सॅम्पल रेट वगैरे सध्या राहू दे. आधी आवाजाच्या पातळ्या नीट लाव.

सगळ्यात जास्त घोळ गेनमध्ये, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा त्या 'लो/हाय' सेटिंगमध्ये होतो. 'हाय'वर आवाज चांगला येतो, असं नवीन माणसाला वाटतं. खरं तर तो फक्त मोठा येतो. इयरफोन असतील तर गेन लोच ठेव. हायवर नॉब जरासा हलवला तरी आवाज अंगावर येतो आणि गाणं थांबल्यावर मागची सूंऽऽ ऐकू येते. बऱ्याच नॉबांचं तर अगदी खालच्या टोकाला एका कानात कमी, दुसऱ्यात जास्त असंही होतं. ३०० ओहमचे (जास्त व्होल्टेज मागणारे) हेडफोन लोवर खरंच कमी पडले, तरच हाय. बदलताना नॉब आधी शून्यावर!

आवाज एकाच ठिकाणी कमी-जास्त कर:

- कॉम्प्युटर आणि प्लेअर १०० टक्क्यांवर, बाकी डॅकच्या नॉबवर.
- पुढे वेगळा ॲम्प (ॲम्प्लिफायर) असेल तर डॅक लाइन-आउटवर, म्हणजे ठराविक पातळीच्या आउटपुटवर ठेव, साधारण २ व्होल्ट मिळतात. मग नॉब ॲम्पचाच.
- इक्वलायझरमध्ये बेस ६ डेसिबल वाढवलास तर प्रीॲम्प (त्यातलाच एकूण पातळीचा स्लायडर) तेवढाच खाली घे, नाहीतर आवाज फाटतो. त्यात डॅकचा दोष नसतो.

आणि आपल्या नागपुरात मे महिन्यात कूलर सुरू ठेवून लेव्हल लावत बसू नको. त्या घरघरीवर आवाज चढवत जाशील आणि कान दुखून येतील. पाच मिनिटं कूलर बंद कर, घाम आला तर येऊ दे.