घर तारण ठेवून विलायतेचं एलएलएम

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. मुलगी पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आतापर्यंत 62 टक्के आहेत. दुसऱ्या वर्षी एका विषयात एटीकेटी लागली होती, ती सुटली. तिला इंग्लंडमध्ये एलएलएम (कायद्यातलं पदव्युत्तर शिक्षण) करायचं आहे. विषय आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाबाहेर लवादाकडून वाद सोडवणं. एका कन्सल्टन्सीचं म्हणणं असं : सप्टेंबरचं ॲडमिशन नक्की, फी 22 हजार पौंड, सगळं मिळून 35 लाखांत बसेल, नंतर तिथेच वकिली करता येईल. 20 हजार रुपये भरले आहेत, मूळ गुणपत्रिकाही त्यांच्याकडे आहेत. घर तारण ठेवून कर्ज काढायचा विचार आहे. घरात एक तरी बॅरिस्टर व्हावा अशी माझ्या वडिलांची फार इच्छा होती. काय करावं?

उत्तर :

सप्रेम नमस्कार सर,

तुमच्या वडिलांच्या इच्छेपासूनच सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्यांच्या पिढीने बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले ही नावं ऐकली. विलायतेला जायचं, कायदा शिकायचा, नावामागे 'बॅ.' लावून परत यायचं, असं ते चित्र होतं. पण बॅरिस्टरकी विद्यापीठ देत नव्हतं आणि आजही देत नाही. ती लंडनच्या चार 'इन'पैकी, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थांपैकी, एखादी देते. डॉ. आंबेडकरांचंच बघा. अर्थशास्त्राच्या पदव्यांसाठी ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि बॅरिस्टर झाले ते ग्रेज इनमधून. शहर एकच, पण दारं दोन. तुमची लेक ज्या एलएलएमबद्दल बोलते आहे ते विद्यापीठाचं दार आहे. त्यातून पदवी मिळते, सनद म्हणजे वकिलीचा परवाना मिळत नाही.

म्हणून कन्सल्टन्सीचं 'नंतर तिथेच वकिली' हे वाक्य मला खटकलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटर (बॅरिस्टरखेरीज तिथला वकिलांचा दुसरा प्रकार) व्हायला 2021 पासून एसक्यूई नावाची परीक्षा आहे. तिचे दोन टप्पे. त्यासाठी एलएलएमची अटच नाही. शिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, पण जो आपल्या देशात आधीच सनदी वकील आहे त्याला या अनुभवातून सूट आहे. म्हणजे तिथे वकिली करायची असेल तरी तिच्या उपयोगाचा पहिला कागद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद हाच आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै 2024 च्या निकालानंतर तिची फी खुल्या प्रवर्गाला 750 रुपये आहे, स्टॅम्प ड्युटी वेगळी. एसक्यूईचा पहिला टप्पा जगभरच्या पिअर्सन व्हीयूई केंद्रांवर देता येतो. दोन्ही टप्प्यांची फी मिळून 5 हजार पौंडांच्या घरात जाते, म्हणजे स्वस्त नाही, पण 22 हजारही नाही.

आता पैशाकडे येऊ. तुम्ही गणिताचे शिक्षक आहात की नाही माहीत नाही, पण हा हिशेब एकदा स्वतः मांडून बघा. पौंड 120 रुपये धरा. फी 22,000. लंडनबाहेर राहण्याचा खर्च ब्रिटिश सरकार व्हिसासाठी महिना 1,171 पौंड धरतं, बारा महिन्यांचे झाले 14,052. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, पण वर्षभराच्या कोर्सचा व्हिसा मागेपुढे काही महिने धरून मिळतो, म्हणून दीड वर्षाचे 1,164 भरावे लागतात. एजंटांच्या कागदावर हा आकडा बहुतेक वेळा 776 च असतो. बेरीज 37,216 पौंड, म्हणजे पावणेपंचेचाळीस लाखांच्या आसपास. व्हिसाची फी, टीबीची तपासणी, विमानाचं तिकीट आणि घर घेताना द्यायचं डिपॉझिट त्यात धरलेलंच नाही. 35 लाखांत बसवायचं तर मुलीला तिथे अर्धपोटी ठेवावं लागेल. लंडन म्हणाल तर हेच आकडे आणखी वर जातात.

'तिथे पार्टटाइम करून निघेल' हेही ऐकलं असेलच. टर्म चालू असताना आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे आणि एलएलएमचं वाचन बघता मी दहाच्या वर धरणार नाही. त्यातून खिशाला हातभार लागतो, फी सुटत नाही.

45 लाख साडेदहा टक्क्यांनी काढून दहा वर्षांत फेडायचे तर महिना 60 हजारांच्या वर हप्ता बसतो, आणि कोर्सच्या काळात साठलेलं व्याज त्याच्यावर. सांगलीच्या कोर्टात सिनिअर मंडळी ज्युनिअरच्या हातावर महिन्याला काय ठेवतात, ते एकदा बाररूममध्ये चहा घेता घेता विचारून या. मग घराच्या उताऱ्यावर बोजा चढवायचा का ते ठरवा.

तिथे नोकरी मिळाली तर? मिळू शकते, मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. शिक्षणानंतर थांबून नोकरी शोधायचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता; 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो 18 महिन्यांचाच मिळणार आहे. त्यानंतर राहायचं तर कंपनीने स्पॉन्सर करावं लागतं आणि त्यासाठी सर्वसाधारण किमान पगार वर्षाला 41,700 पौंड, नवख्यांना काही सवलत. तिथल्या मोठ्या लॉ फर्म आपले ट्रेनी कॉलेजात असतानाच, दोन-दोन वर्षं आधी हेरतात. सप्टेंबरला पोहोचून पुढच्या सप्टेंबरला बाहेर पडणाऱ्या परदेशी मुलीला त्या रांगेत उभं राहायलाच उशीर होतो.

मग जाऊच नये का? जावं, पण यंदा नको. दोन वर्षं थांबून जावं.

ही दोन वर्षं वाया जात नाहीत, आणि सांगलीच्या मुलीची तर अजिबात नाहीत. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आहे. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिथे चालतात. ज्या कामासाठी पूर्वी पक्षकारांना रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागायची, ते आता सांगलीहून तासा-दीड तासावर आलं आहे. अशा नव्या ठिकाणी पहिल्या काही वर्षांत शिरलेल्या ज्युनिअरला जेवढं बघायला मिळतं, तेवढं पुढे मिळत नाही. आर्बिट्रेशन शिकायचं म्हणते ना? आर्बिट्रेटरचा निवाडा रद्द करायला आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम 34 खाली अर्ज कसा होतो, हे कोर्टात उभं राहून बघितलेली मुलगी लंडनच्या वर्गात बसली तर प्राध्यापक काय बोलताहेत ते तिला कळेल. नुसतं पुस्तक वाचून गेलेली टिपणं उतरवत राहील.

दोन वर्षांचा दुसरा फायदा शिष्यवृत्तीचा. ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग शिष्यवृत्ती फी, राहणं, प्रवास सगळं देते. तिला किमान दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा कामाचा अनुभव लागतो. शिकून झाल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायची अट आहे. तुमच्या बाबतीत ती अट मला सोयीचीच वाटते. राज्य सरकारच्याही योजना आहेत : अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथीची, इतर मागासवर्गीयांसाठी त्यांच्या विभागाची. तुम्ही प्रवर्ग लिहिलेला नाही, म्हणून नुसती नावं देतो. शाहू महाराज योजनेत विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या 200 मध्ये असावं लागतं. कन्सल्टन्सीने सुचवलेलं विद्यापीठ त्या यादीत शोधून बघा, मला वाटतं शोधत राहाल. कुणासाठीही खुलं म्हणजे जे. एन. टाटा एन्डाउमेंट. 1892 पासून चालू आहे. ते कर्जरूपाने मदत करतात.

आणखी एक. तिच्या मनाच्या कोपऱ्यात कुठे न्यायाधीश व्हायचं असेल, तर 20 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तरावरच्या न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. परदेशातलं वर्ष म्हणजे काही वकिली नव्हे. तिला विचारा. बऱ्याच मुली आधी 'नाही' म्हणतात आणि सहा महिन्यांनी क्लासची चौकशी करतात.

आता थोडं लेकीशी.

बाळ, बाबांच्या पत्रासोबत तू तुझं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे हा कोर्स का करायचा ते सांगणारं अर्जातलं निवेदन पाठवलंस, ते वाचलं. पहिलंच वाक्य, लहानपणापासून तुला अन्यायाची चीड आहे. असेल, पण निवड करणाऱ्यांच्या टेबलावर त्या दिवशी याच वाक्याचे पन्नास कागद असतात. तिसऱ्या पानावर मात्र तू दोनच ओळींत उरकलंयस की इंटर्नशिपमध्ये तू महामार्गाच्या भूसंपादनाची प्रकरणं बघितलीस, आणि शेतकऱ्यांना मोबदला वाढवून मागायला कोर्टात नाही, आर्बिट्रेटरकडे जावं लागतं हे बघून चक्रावलीस. अगं, हेच तर पहिलं वाक्य! राष्ट्रीय महामार्ग कायद्यात हा आर्बिट्रेटर केंद्र सरकार नेमतं, दोन्ही बाजू मिळून नेमत नाहीत. याला आर्बिट्रेशन म्हणायचं का, हा प्रश्न तुला द्राक्षबागेच्या बांधावर पडला. लंडनच्या क्वीन मेरीमध्ये किंवा सिंगापूरच्या एनयूएस विद्यापीठात आर्बिट्रेशन शिकवणाऱ्या माणसाला तो वाचायला आवडेल. बाकीची दोन पानं काढून टाक.

शिफारसपत्रांचं. 'तूच लिहून आण, मी सही करतो' असं सर म्हणाले असतील. सगळीकडे तेच म्हणतात. अडचण अशी की विद्यापीठ थेट सरांना ईमेलवर लिंक पाठवतं, आणि पत्ता कॉलेजचा मागतं, जीमेल चालवून घेत नाही. आपल्याकडच्या निम्म्या प्राध्यापकांना आपल्या कॉलेजच्या ईमेलचा पासवर्ड ठाऊक नसतो. तो आत्ताच ऑफिसातून सुरू करून घे. प्राचार्यांचं 'ही विद्यार्थिनी सुस्वभावी व होतकरू आहे' छापाचं पत्र नको. तुझा एखादा निबंध किंवा मूट कोर्ट (सरावाचा कोर्टातला युक्तिवाद) ज्यांनी खरंच वाचला-ऐकला, त्यांच्याकडे जा. बरोबर एक पानभर टिपण ने : कोणता विषय, कोणतं वर्ष, तू काय मांडलंस. लिहिणं त्यांना सोपं जातं आणि पत्र खरं उतरतं.

एटीकेटीने रडू नकोस. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या एकत्र उताऱ्यावर, ती दिसणार, म्हणून अर्जात दोन ओळींत सरळ सांग आणि पुढे जा. टक्केवारी जास्त महत्त्वाची. बासष्ट हा आकडा बऱ्याच ठिकाणी काठावर बसतो, शेवटच्या दोन सेमिस्टरला तो ओढता आला तर ओढ. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत संपतात, म्हणजे जायचं असेल त्याच्या आदल्या दिवाळीपर्यंत सगळे कागद हातात हवेत.

अमेरिकेचं तू विचारलंस. न्यूयॉर्कची बारची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, परीक्षा परदेशी वकिलांना देता येते, आणि म्हणून कित्येक जण तिथे एलएलएम करतात. पण चांगल्या लॉ स्कूलची नुसती फीच 70 हजार डॉलरच्या पुढे जाते आणि नंतर कामाला मिळतात बारा महिने. शिष्यवृत्ती असल्याशिवाय मी तरी नाव काढणार नाही.

सर, राहता राहिले ते 20 हजार. पावतीवर 'नोंदणी शुल्क, परत मिळणार नाही' असं छापलं असेल तर त्यासाठी भांडत बसू नका. गुणपत्रिका मात्र याच आठवड्यात स्वतः जाऊन घेऊन या. 'अर्ज प्रोसेसमध्ये आहे' म्हणतील. अर्जाला स्कॅन पुरतो, मूळ कागद कुठलंही विद्यापीठ एजंटाकडे ठेवायला सांगत नाही. बाहेर पडायच्या आधी तिथेच उभं राहून एकेक सेमिस्टर मोजून घ्या, आणि एटीकेटीची सुटल्याची गुणपत्रिका वेगळी असते, ती त्यात आहे ना ते बघा. सनदेच्या अर्जाला ती लागेल.