नाटकाच्या साथीसाठी लॅपटॉपवरील सिंथ पुरेसा आहे का?

सिंथ, म्हणजे वाद्यांचे आवाज तयार करणारे सॉफ्टवेअर, असलेला लॅपटॉप आणि मिडी कंट्रोलर (स्वतःचा आवाज नसलेला, संगणकाला जोडायचा पट्ट्यांचा फलक) हाताशी असताना पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांच्या साथीसाठी स्वतःचा आवाज असलेला वेगळा कीबोर्ड घ्यावा का, असे आपण विचारले आहे. वडसा आणि ब्रह्मपुरीकडच्या गावांत मी हीच साथ करतो आणि माझ्या मते रंगमंचासाठी कीबोर्डच घ्यावा.

आवाजाच्या दर्जात सॉफ्टवेअर कमी पडत नाही. सर्ज एक्सटी आणि व्हायटल या सिंथ सॉफ्टवेअरच्या मोफत मिळणाऱ्या आवृत्त्याही ध्वनीच्या बाबतीत माझ्या कीबोर्डपेक्षा पुष्कळ समृद्ध आहेत. खरी अडचण पट्टी दाबणे आणि स्वर उमटणे यांमधील वेळेची आहे. संगणक ध्वनीचे नमुने, म्हणजे त्याची क्षणाक्षणाची मोजमापे, एकेक न पाठवता त्यांचे गठ्ठे करून पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने असताना ५१२ नमुन्यांचा बफर, म्हणजे गठ्ठा, ठेवला, तर त्या एका टप्प्यातच सुमारे ११.६ मिलिसेकंद जातात आणि ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) व ध्वनिरूपांतर यांचा वेळ त्यात आणखी मिळतो. संथ स्वर धरून ठेवताना हे जाणवत नाही, परंतु लावणीत ढोलकीबरोबर तुटक स्वर वाजवताना आपला हात सतत मागे पडत असल्याची भावना होते. बफर १२८ वर आणला की हा विलंब ३ मिलिसेकंदांच्या आत येतो. मात्र मग प्रत्येक गठ्ठा तेवढ्याच अवधीत तयार व्हावा लागतो आणि वाय-फायचा ड्रायव्हर मध्ये आला तरी स्पीकरमधून तडतड ऐकू येते. एएसआयओ या कमी विलंबाच्या ड्रायव्हरचा ऑडिओ इंटरफेस (ध्वनी आत-बाहेर नेणारे, संगणकाला जोडायचे उपकरण) घेतल्यास पुष्कळ सुधारणा होते, हे मान्य केले पाहिजे.

कीबोर्डच्या आतही संगणकच असतो, असा आक्षेप घेतला जातो. तो बरोबर आहे, पण त्या संगणकाला ध्वनीखेरीज दुसरे काम दिलेले नसते.

विजेचा त्रास मला याहून मोठा वाटतो. रात्री उशिरा सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते, तेवढा वेळ लॅपटॉपची बॅटरी पुरत नाही, आणि जनरेटरवर चार्जर लावला की अर्थिंग नीट नसल्यामुळे मिक्सरमध्ये गुणगुण शिरते. वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये जोडायच्या डीआय बॉक्सने ती बहुधा जाते, म्हणून तो जवळ असावा. प्रसंग करुण झाला की लगेच बासरी हवी असते. कीबोर्डवर त्यासाठी एक बटण पुरते, तर लॅपटॉपवर आवाज आधीच मेमरीत भरून ठेवलेला नसेल तर नट आपली ओळ म्हणून मोकळा होतो आणि आपण लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहत राहतो.

परवान्याचाही विचार करावा. पैसे देऊन घेतलेल्या माझ्या एका पेटीच्या प्लगइनने (पेटीचा आवाज देणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरने) प्रयोगाआधी इंटरनेटवरून पडताळणी मागितली, आणि त्या गावात नेटवर्क नव्हते. शिवाय २०१९ मध्ये ॲपलच्या संगणकांसाठी मॅकओएस कॅटॅलिना ही प्रणाली आली तेव्हा जुन्या धाटणीचे ३२-बिट प्लगइन त्या प्रणालीवर चालेनासे झाले. उलट यामाहाचा १९८३ सालचा डीएक्स७ हा कीबोर्ड आजही मिडी केबलने जोडता येतो.

घरच्या रेकॉर्डिंगसाठी मात्र लॅपटॉपच वापरावा, म्हणून संगणकाला जोडण्याची यूएसबी सोय असलेला कीबोर्ड निवडावा. दुकानात त्याच्या स्वतःच्या स्पीकरवर विसंबू नये. तो मिक्सरला जोडून मोठ्या स्पीकरवर ऐकावा, कारण मंडपात प्रेक्षकांना तोच आवाज ऐकू जाणार आहे.